तीनशे छप्पन्न तबकड्या आणि एक बँडमास्तर

३३० सीडी, २४ डीव्हीडी आणि २ ब्लू-रे. बेरीज ३५६. एका माणसाच्या नावाने, त्याच्या मागे, एकाच संचात एवढ्या तबकड्या निघाल्या. माणूस म्हणजे हर्बर्ट फॉन कारायान. जन्म १९०८, ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग. मृत्यू १६ जुलै १९८९. बर्लिन फिलहार्मोनिक या जगातल्या अव्वल वाद्यवृंदाचे ते १९५५पासून जवळजवळ अखेरपर्यंत प्रमुख संचालक होते. डॉइच ग्रामोफोन आणि डेक्का या कंपन्यांसाठी त्यांनी जे जे ध्वनिमुद्रित केलं, ते सगळं या संचात आहे. आणि एवढ्यानेही माणूस संपत नाही. ईएमआय या तिसऱ्या कंपनीने त्यांच्या जन्मशताब्दीला, २००८ साली, दोन पेट्या काढल्या होत्या: एकीत ८८ सीडी, दुसरीत ७२. म्हणजे आणखी १६०. सगळं मिळून नुसत्या सीडीच ४९० होतात.

थोरल्या संगीतकारामागे त्याचं काम गोळा करून पेटीबंद करण्याची ही रीत पश्चिमेत आता रुळली आहे. इटलीचे क्लॉडिओ आबाडो २०१४मध्ये गेले, त्यांच्या संचात २५७ सीडी निघाल्या. पण कारायानांचा आकडा डोळे पांढरे करणारा आहे, म्हणून हिशेबाला तोच घेऊ. हिशेब मात्र आपल्याकडच्या मापांनी, जळगाव-धुळ्याच्या.

आधी एक गंमत लक्षात घ्या. या सगळ्या तबकड्यांमध्ये ज्याचं नाव पेटीवर आहे त्याचा आवाज जवळपास कुठेच नाही. संचालक वाजवत नाही, गात नाही. हातात काडी, समोर शंभरावर वादक, आणि सूर सगळे त्यांचे. तरी ऐकणारा म्हणतो, ‘हा कारायानचा बेथोवन.’ कुठे थांबायचं, कुठे चढायचं, बासऱ्यांनी कुठे दबायचं आणि व्हायोलिनांनी कुठे उसळायचं, हे ठरवणारा तो एकटा.

आता तास मोजू. एका सीडीवर ७४ मिनिटं मावतात, पण प्रत्येक काठोकाठ भरलेली नसते. सरासरी तासभर धरू. डीव्हीडी बाजूला ठेवल्या तरी ३३० तास झाले. रोज रात्री जेवण आटोपून एक सीडी लावली, एकही दिवस चुकवला नाही, तर पाडव्याला सुरू केलेलं ऐकणं शिमग्याच्या आसपास संपेल. सलग लावून ठेवायची म्हटली तर पावणेचौदा दिवस, रात्री धरून.

सीडी दिसते केवढीशी. १२ सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी. ३३० सीडी वेष्टणाशिवाय एकावर एक रचल्या तर चळत ४० सेंटिमीटरच्या आत बसते, पुरती हातभरही नाही. एकेकीचं वजन १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळा ऐवज पाच किलोचा. पण तिच्या चकचकीत पाठीवर एक रेघ कोरलेली असते. मधून सुरू होऊन बाहेर गोल गोल जाणारी, अखंड. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. खानदेशातल्या वाचकाला हे अंतर सांगायला कापूसच बरा. कापसाचा एक तंतू साधारण १५ ते २० मायक्रॉन जाड असतो. त्या एका तंतूच्या जाडीत सीडीचे दहा वेढे बसतात. पूर्ण भरलेल्या सीडीवर असे वीस हजारांवर वेढे.

ही रेघ लेझरच्या डोळ्याखालून सेकंदाला सुमारे १.२ मीटर वेगाने सरकते. तासाभरात ४,३२० मीटर, म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या वर. ३३० सीडींमधल्या रेघा उलगडून टोकाला टोक जोडलं तर लांबी भरते सुमारे १,४२६ किलोमीटर. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे समुद्राला मिळते. या रेघेचं एक टोक मुलताईच्या कुंडाशी धरून भुसावळ, थाळनेर, प्रकाशा करत समुद्र गाठला आणि तसंच मागे फिरलं, तर मुलताईला पोचायला जेमतेम २२ किलोमीटर कमी पडतील.

आणि त्या रेघेत भरलंय काय? आकडे. सीडी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, डाव्या कानासाठी वेगळे, उजव्यासाठी वेगळे. ३३० तासांचे नमुने होतात १०,४७८ कोटी. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४२ लाख ३० हजारांच्या आसपास होती, धुळ्याची साडेवीस लाख. दोन्ही जिल्ह्यांत हे नमुने सारखे वाटले, पाळण्यातल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, तर माणशी साडेसोळा हजारांवर येतात. एकट्याने मोजायला बसायचं आणि सेकंदाला एक मोजायचा, तर ३,३०० वर्षं लागतील. म्हणजे मोजणी आज संपवायची असेल तर बुद्धाच्याही सात-आठशे वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती.

असे आकडे ऐकून गरगरलं असेल तर उतारा लगेच देतो. हाच सगळा ३३० तासांचा ऐवज, एक कणही न दाबता, २१० जीबीत मावतो. मोबाइलच्या दुकानात २५६ जीबीचं कार्ड मिळतं, करंगळीच्या नखाएवढं. त्यावर अख्खे कारायान बसतात आणि वर चाळीसेक जीबी रिकामी राहते. मला या सगळ्या हिशेबात सर्वांत थक्क करणारं वाटतं ते हेच. तापीच्या दुप्पट लांबीची रेघ नव्हे, नखावरचं ते कार्ड.

कारायानांच्या कारकिर्दीची लांबीही तशीच अजब आहे. पहिलं ध्वनिमुद्रण १९३८चं, मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ची नांदी. तेव्हा तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला चार-साडेचार मिनिटांपलीकडे काही मावत नसे. सात मिनिटांच्या नांदीसाठीही तबकडी उलटावी लागे. बेथोवनची नववी सिंफनी त्या पद्धतीने ऐकायची तर पंधराएक बाजू लागत, मध्ये मध्ये उठून सुई बदलणं वेगळंच. पुढे लाँग प्ले आली, स्टिरिओ आला, कॅसेट आली. १९८१च्या एप्रिलमध्ये साल्झबुर्गला सीडी पत्रकारांना दाखवली गेली तेव्हा तिची भलामण करायला कारायान स्वतः हजर होते. चाचणीसाठी ज्या अगदी पहिल्या सीडी दाबल्या गेल्या त्यातही त्यांनीच बसवलेली रिचर्ड श्ट्राउसची ‘आल्पाइन सिंफनी’ होती. शेवटचं ध्वनिमुद्रण एप्रिल १९८९चं, ब्रुकनरची सातवी. ५१ वर्षांत यंत्र बदललं की हा गृहस्थ तीच रचना पुन्हा ध्वनिमुद्रित करायचा. बेथोवनच्या नऊच्या नऊ सिंफन्यांचा संच त्यांनी चार वेळा केला. चायकोव्हस्कीची ‘पातेतीक’ सात वेळा.

जाता जाता, कारायान हे सोवळं नाव नाही. १९३०च्या दशकात ते नाझी पक्षाचे सभासद झाले होते आणि युद्धानंतर काही काळ त्यांच्यावर जाहीर कार्यक्रमांची बंदी होती. ३५६ तबकड्यांच्या झगमगाटात हे झाकलं जाऊ नये.

त्यांच्या एकूण २० कोटी तबकड्या खपल्या असा अंदाज सांगितला जातो. जळगाव-धुळ्याच्या माणशी ३२. तीस सेंटिमीटरच्या जुन्या तबकड्या धरून ओळीने मांडल्या तर ६० हजार किलोमीटर, पृथ्वीला दीड फेरा. पण अशा खपाच्या आकड्यांकडे मी जरा सावधपणेच बघतो, कारण फुगवलेल्या आकड्याचं उदाहरण खानदेशच्या नात्यातलंच आहे.

लता मंगेशकरांचं आजोळ थाळनेरचं. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. त्यांच्या आई, माई मंगेशकर, तिथल्या लाड घराण्यातल्या. १९७४ साली गिनीज बुकात लताबाईंच्या नावावर १९४८पासून २५ हजारांहून कमी नाहीत एवढी गाणी ध्वनिमुद्रित झाल्याची नोंद झाली. मोहम्मद रफींनी हरकत घेतली, वाद झाला. पण वादात न पडता नुसता भागाकार करून बघा. २६ वर्षांचे दिवस होतात साडेनऊ हजार. २५ हजार गाणी म्हणजे दररोज अडीचपेक्षा जास्त, दिवाळी नाही, ताप-खोकला नाही, परदेश दौरा नाही. पुढे चिकाटीच्या संग्राहकांनी चित्रपटागणिक, तबकडीगणिक याद्या केल्या तेव्हा हिंदी चित्रपटगीतांचा आकडा पाच-सहा हजारांच्या घरात आला.

आता एक योगायोग. गाणं सरासरी साडेतीन मिनिटांचं धरलं तर कारायानांची ३३० तासांची पेटी भरायला ५,६५७ गाणी लागतात. म्हणजे थाळनेरच्या नातीची खरी, तपासलेली हिंदी चित्रपटगीतं एकापुढे एक लावली तर ती या पेटीएवढीच भरतात! फुगवलेला आकडा गळून पडला, तरी खरा आकडा एवढ्या अजस्र स्मृतिसंचाच्या शेजारी ताठ उभा राहतो.

मग फरक कुठे? वहीत. डॉइच ग्रामोफोन ही कंपनी १८९८ साली हानोव्हरला सुरू झाली. कुठलं ध्वनिमुद्रण कुठल्या सभागृहात, कोणत्या तारखेला, कोण वादक, हे सगळं तिने नोंदवून ठेवलं. म्हणून संचालक गेल्यावर पेटी भरता आली. हानोव्हरशी आपलाही संबंध आहे. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानच्या तबकड्या कोरल्या गेल्या, त्या छापून घ्यायला जर्मनीला, हानोव्हरलाच जात. तिथल्या कामगारांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची. त्या काळच्या तबकड्यांवर हे ऐकू येतं.

गाणाऱ्याचं नाव राहिलं. वाद्यवृंद बसवणाऱ्याचं गेलं. हिंदी चित्रपटांच्या सुवर्णकाळात पडद्यामागे जो वाद्यवृंद बसायचा, कधी साठ-सत्तर, कधी शंभराच्या घरात, त्याची स्वरलिपी लिहिणारे आणि तो उभा करणारे बरेच जण गोव्याचे. रेईश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यमेळ बांधत होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वादक एकत्र आणून इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. संगीतकार प्यारेलाल हे गोन्साल्विसांचे व्हायोलिनचे शिष्य. तबकड्यांवर अशी नावं सहसा नसत. ‘अमर अकबर अँथनी’च्या वेळी, १९७७ साली, शिष्याने गुरूचं नाव गाण्यातच घातलं. सगळा देश ते नाव गात सुटला आणि ते काल्पनिक समजला. गोन्साल्विस २०१२ साली गेले. आपल्याकडे ‘गीतरामायणा’च्या ५६ गाण्यांमागचं व्हायोलिन प्रभाकर जोगांचं, त्यांचं नाव निदान मराठी रसिकांना ठाऊक आहे. पण तो अपवाद.

या गोव्याच्या मंडळींनी दोन कडव्यांमध्ये जे वाद्यांचे तुकडे भरले ते खानदेशात कुठे ऐकू आले? रेडिओवर, आणि लग्नात. म्हणजे आपल्या बँडवर. डिसोझांनी चाळीस व्हायोलिनांसाठी लिहिलेला तुकडा चोपडा, अमळनेर, शिंदखेडा, साक्रीच्या मिरवणुकीत ट्रंपेट आणि क्लॅरिनेटवर यायचा. कागद नाही, स्वरलिपी नाही. सिनेमा आला की बँडमास्तर गाणं कानाने उचलायचा, तालमीत एकेकाला त्याचा भाग तोंडाने शिकवायचा, साइड ड्रम कुठे थांबायचा ते डोळ्याने सांगायचा. संचालकाचं काम याहून वेगळं ते काय असतं? उलट कारायानांपुढे वादक खुर्चीवर बसलेले असत. इथे सगळी पलटण चालत असते, बैलगाडीला वाट देत, नवरदेवाच्या घोड्याला सांभाळत, वर कोणी मामा पुढ्यात येऊन दहाव्यांदा तेच गाणं मागत असतो.

आता या मास्तरचाही हिशेब करू. समजा एका बँडला लग्नसराईत चाळीस सुपाऱ्या मिळतात. मिरवणूक तीन तासांची, हे मी कमीच धरतोय, खानदेशात मांडवाच्या दाराशी यायला वऱ्हाडाला घाई नसते. मास्तरने हा धंदा तीस वर्षं केला. ४० गुणिले ३ गुणिले ३०. तीन हजार सहाशे तास. कारायानांच्या पेटीच्या जवळपास अकरा पट. त्यांनी प्रेक्षकांपुढे केलेल्या बहुतेक मैफली या ३३० तासांत धरलेल्या नाहीत, हे खरं आणि बरोबरी लावताना ते विसरू नये. पण पेटीचं काय? पेटीत मास्तरचे तास शून्य. सेबॅस्टियन डिसोझांचं संगीत निदान दुसऱ्यांच्या नावाने शिल्लक आहे. मास्तरचं कोणाच्याच नावाने नाही.

साठवायची अडचण म्हणाल तर मघाचाच हिशेब लावा. सीडीच्या दर्जाचं तीन तासांचं ध्वनिमुद्रण दोन जीबीच्या आत येतं. ३,६०० तास म्हणजे तेवीसशे जीबी. वहीएवढ्या एका हार्ड डिस्कमध्ये एका बँडमास्तरचं उभं आयुष्य मावून जागा उरते.

गोळा करून ठेवणं हेच खरं स्मारक, ही गोष्ट खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीस गेले तेव्हा धुळेकरांनी लगेच पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं. ज्या माणसाने गावोगाव दप्तरं धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, त्याचं स्मारक म्हणून दप्तरंच जपायची, याहून नेमकं काय असणार? त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. जळगावात वसंतराव चांदोरकरांच्या स्मृतीसाठी प्रतिष्ठान बालगंधर्व संगीत महोत्सव भरवतं, देशभरचे कलावंत येतात. पोथ्या जपल्या, कागद जपले, मैफली भरवल्या. बँडचा आवाज तेवढा जपायचा राहिला. मला वाटतं तो राहिला याचं कारण गरिबी नव्हे. बँडला आपण कला मानलंच नाही, सुपारी मानलं, आणि सुपारीची पावतीसुद्धा लग्नानंतर कोणी ठेवत नाही.

तरी सगळं गेलेलं नाही. १९८०च्या दशकात खानदेशातल्या लग्नांत व्हिडिओवाला आला. त्याच्या व्हीएचएस कॅसेटवर १८० मिनिटं मावायची, नेमके आपण मिरवणुकीला धरलेले तीन तास. प्रत्यक्षात त्यात हळद, मानपान, जेवणावळ असं सगळं यायचं, पण पाऊणएक तास तरी मिरवणूक असतेच, आणि तिच्यामागे बँडचा खणखणीत आवाज असतो. एका तालुक्यात अशा हजार कॅसेटी जरी निघाल्या तरी साडेसातशे तास झाले. कारायानांच्या दोन पेट्या आणि वर थोडं. ही पेटी आपल्या माळ्यांवर, कपाटांच्या वरच्या फळीवर, गाद्यांच्या खाली विखुरलेली पडून आहे. फक्त फीत फार दिवस थांबत नाही. पावसाळ्याची ओल लागली की तिला बुरशी धरते आणि मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की पत्र्याखालच्या खोलीत ती चिकटते.

म्हणून ही विनंती. घरात लग्नाची जुनी कॅसेट असेल तर ती संगणकावर उतरवून घ्या. उतरवताना दुकानदाराला मिरवणुकीचा भाग कापू देऊ नका, लोक हटकून तोच कापायला सांगतात. आणि ज्यांना अजून आठवतंय अशा घरातल्या थोरल्यांना विचारून फाइलला तीन गोष्टी जोडा: बँडमास्तरचं नाव, त्याचं गाव, लग्नाचं साल.